बुजगावणं

"दिवायीमा भूतं कसाले दखाडस रे?" आईनं पुतण्याला विचारलं. तो स्टुलावर चढून सोसायटीच्या गोडाउनच्या भिंतीवर खिळा ठोकत होता. खाली आई कमरेवर हात ठेवून उभी, एका हाताला बेसन लागलेलं. पुतण्या म्हणाला, "आजी, हॅलोविन आहे आज." आईनं माझ्याकडे पाहिलं, जणू हे खूळ मीच त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

ही २०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला, गुरुवारी, पहाटे नरक चतुर्दशीची आंघोळ झाली आणि दुपारी चारच्या सुमारास अमावास्या लागली. लक्ष्मीपूजन गुरुवारी करायचं की शुक्रवारी, यावरून आठ दिवस व्हॉट्सॲपवर हाणामारी चालली होती. आमच्या गावानं पंचांगाचं ऐकलं आणि शुक्रवार धरला, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ मोकळी पडली. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीच्या अलीकडचं. पुण्या-सुरतेची पोरं घरी आलेली, कापसाची पहिली वेचणी होऊन घराघरात गंजी लागलेल्या. पुतण्या पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो. त्यांच्या ऑफिसात दर वर्षी या दिवशी कागदी कोळिष्टकं लावतात म्हणे. आमच्या गोडाउनला ती लावायची गरज नव्हती. त्यानं डब्याएवढा प्रोजेक्टर बॅगेतून आणला होता आणि गावाला जुने भयपट दाखवायचे, असं पुण्याहूनच ठरवून आला होता.

मला आधी ही कल्पना आवडली नव्हती, हे कबूल करतो. परक्यांचे सण आणायचे आणि आपल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र सुट्टी काढायची नाही, असं काहीतरी मी बोललोही. पण आईला हॅलोविन समजावून सांगायची वेळ माझ्यावरच आली, तेव्हा माझीच पंचाईत झाली. आयर्लंडकडच्या जुन्या लोकांचं वर्ष या सुमाराला संपायचं. पीक घरात यायचं, थंडी सुरू व्हायची आणि त्या रात्री गेलेली माणसं परत फिरकतात असं ते धरायचे. पुढे ख्रिस्ती लोकांनी १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस केला आणि आदली रात्र भुतांना राहिली. आई म्हणाली, मग हे तर पितरच झाले. मी म्हटलं, झाले. आपल्याकडे आखाजीला घागर भरतो, विस्तवावर आगारी टाकतो, तसंच. फक्त आमचे पितर वैशाखाच्या उन्हात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत येतात, त्यांचे थंडीत. "त्यास्नं बरं शे," आई म्हणाली आणि करंज्या तळायला गेली.

भोपळ्याचा प्रकार वेगळाच झाला. मूळचे आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळे मिळाले, सलगमापेक्षा मोठे आणि कोरायला सोपे. सोपे त्यांचे. आमचं गंगाफळ जाड सालीचं आणि आत गच्च भरलेलं. पुतण्यानं ऑनलाइन मागवलेली कोरायची सुरी पहिल्याच डोळ्याला वाकली. शेवटी आईनं विळा दिला. गंगाफळाला पहिला घाव गड्यानं घालायचा, बायकांनी आख्खं फळ चिरायचं नाही, ही रीत त्याला तेव्हा कळली. आतला गर निघाला त्याच्या घाऱ्या झाल्या. आणि दात विचकलेलं गंगाफळ पोटात पणती घेऊन ओट्यावर रांगोळीशेजारी बसलं. गल्लीतली लहान पोरं त्याला रावण म्हणत होती.

सिनेमे निवडताना पुतण्यानं एक हुशारी केली, ती मला पटली. गावात जाहीर दाखवायचं तर हक्काची भानगड नको. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनापासून साठ वर्षं. म्हणजे १९६४ च्या आधीचं सगळं खुलं. त्यानं तीन काढले. १९२२ चा जर्मन मूकपट 'नोस्फेरातू', १९४९ चा 'महल', आणि १९६८ चा एक अमेरिकी सिनेमा ज्यात मेलेले लोक उठून चालत येतात. तो साठ वर्षांच्या आतला, पण त्याची गंमत अशी की शेवटच्या घटकेला नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात ओळ नाही तर हक्क नाही. एका ओळीपायी तो सगळ्या जगाचा झाला. तो आम्ही लावलाच नाही, तिथवर रात्र पोचली नाही.

'नोस्फेरातू' तर मरता मरता वाचलेला. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ सालची. मुर्नाव नावाच्या दिग्दर्शकानं तीच गोष्ट परवानगी न घेता उचलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला, लंडनचं जर्मन गाव केलं. स्टोकरची बायको तेव्हा विधवा होती. तिनं खटला भरला. निर्मात्या कंपनीचं दिवाळं वाजलं होतं, पैसे काही मिळेनात, तेव्हा १९२५ मध्ये कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. पण तोवर काही प्रती परदेशी गेल्या होत्या. शंभर वर्षांनंतर त्यातल्याच एकीची नक्कल पेन ड्राइव्हमधून आमच्या गोडाउनच्या भिंतीवर उतरणार होती.

भिंतीला चुना होता, पण पोपडे निघालेले. पडदा हवाच. तो जिभाऊंनी दिला.

जिभाऊ आमच्या भाऊबंदकीतले. वय सत्तरच्या पुढे. तरुणपणी ते तंबूच्या टॉकीजवर ऑपरेटर होते. अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, अशा यात्रा धरत त्यांचा ट्रक फिरायचा. मशीनमध्ये बल्ब नसायचा, कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या. जळत जातील तशी मधली फट हातानं सारखी करायची, नाहीतर चित्र पिवळं पडतं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. जिभाऊंना अजून कुठलीही वेळ रिळांत मोजायची सवय आहे. दवाखान्यात नंबर लागायला किती वेळ? "तीन रीय." धंदा बसल्यावर ट्रक भंगारात गेला. मांजरपाटाचा पडदा मात्र त्यांनी घरी आणला, आणि इतकी वर्षं तो धान्याच्या कोठीवर झाकायला होता. उलगडला तर उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. जिभाऊंनी त्यावर लोटीनं पाणी शिंपडलं आणि चारी टोकं ताणून बांधली. ओला मांजरपाट ताठ बसतो, सुरकुती धरत नाही. पुतण्यानं हे मोबाइलवर टिपून घेतलं.

लहानपणी यात्रेत मी पडद्याच्या मागच्या बाजूनं सिनेमे पाहिले आहेत, कनातीच्या फटीतून घुसून, फुकट. मागून सगळं उलटं दिसतं. नायक डाव्या हातानं ठोसे मारतो, पाट्या वाचता येत नाहीत. कित्येक वर्षं मला वाटायचं की सिनेमातले सगळे लोक डावरे असतात.

साडेसातला माणसं जमली. सव्वाशे-दीडशे तरी असतील. बायका सतरंजीवर, म्हातारे खुर्च्या घेऊन, पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मुरमुऱ्यात शेव-कांदा घालून घमेली फिरत होती. पुतण्यानं माइकवर हॅलोविनची माहिती सांगायला घेतली, तिसऱ्या वाक्याला कुणीतरी शिट्टी मारली, त्यानं आवरतं घेतलं.

सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत कळलं की हे चालायचं नाही. पडद्यावर माणसं हातवारे करतात, मग इंग्रजी अक्षरांची पाटी येते, पाटी वाचून होत नाही तोच जाते. पोरं चुळबुळायला लागली. तेव्हा जिभाऊंनी पुतण्याच्या हातातला माइक घेतला.

"हाऊ पोऱ्या देखा. नवं लगीन व्हयेल शे आनि बायकोले सोडीसन घर इकाले चालना."

बस. तिथून पुढे तो सिनेमा जर्मन राहिला नाही. घरविक्रीचा दलाल नॉक चिठ्ठी वाचत खदाखदा हसतो, तेव्हा जिभाऊ म्हणाले, याला दोन्हीकडून दलाली मिळायची आहे. ऑरलॉक आपल्या किल्ल्याच्या दारात उभा राहिला, हडकुळा, टोकदार कान, लांब नखं, आणि बायकांतून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "याले जेवाले कोनी देस नही का?" ऑरलॉकचं काम करणाऱ्या नटाचं नाव माक्स श्रेक. जर्मनमध्ये श्रेक म्हणजे भीती, आणि ते त्याचं खरंच आडनाव होतं. हे मी शेजारच्या खुर्चीला सांगितलं, तर त्यांनी मला गप्प बसवलं. जिभाऊंचं ऐकायचं होतं.

मधेच ट्रॉलीतला एक बारका पोरगा ओरडला, "रात म्हणता आणि ऊन पडेल शे!" खरंच होतं. ऑरलॉक शवपेटी काखेत मारून गावात हिंडतो, तेव्हा रस्त्यावर त्याची स्वच्छ सावली पडलेली दिसते. जिभाऊंनी चित्र थांबवायला लावलं. त्या वेळच्या फिल्मला अंधारात दिसायचं नाही, त्यांनी सांगितलं, म्हणून रात्रही उन्हातच काढायची आणि मग ती रिळं निळ्या रंगात बुडवायची. निळं म्हणजे रात्र, पिवळं म्हणजे घरातला दिवा. आपल्या पोरानं आणलेली प्रत धुतलेली आहे, रंग उडालाय. आणि किल्ल्याकडे जाताना झाडं पांढरी दिसली ना? ती निगेटिव्ह तशीच लावली होती. हे सगळं अहिराणीत, माइकवर, चित्र थांबवून. फिल्म सोसायटीचे चार-दोन कार्यक्रम मी जळगावात ऐकले आहेत. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

मग जहाज आलं. शवपेट्यांत माती आणि मातीत उंदीर. ऑरलॉक बंदरात उतरतो तो प्लेग घेऊनच. कादंबरीत हे नाही, प्लेग मुर्नावनं घातला. इथे मात्र म्हातारी मंडळी सावरून बसली. एक माणूस खडूनं दारांवर फुल्या मारत जातो आणि अरुंद गल्लीतून शवपेट्यांची रांग निघते. गंमत पाहा, 'ड्रॅक्युला' लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती मे १८९७ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात, २२ जूनला, पुण्यात प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. आमचे पणजोबा प्लेगात गाव सोडून मळ्यात झोपड्या घालून राहिले होते, ती गोष्ट आजोबा सांगायचे. त्याहून जवळचं म्हणजे २०२० साली आमच्याच वेशीवर लाकडं आडवी टाकून मुंबईहून आलेल्या पोरांना गावानं अडवलं होतं. ती पोरं आता ट्रॉलीत बसून मुरमुरे खात होती. कुणी काही बोललं नाही.

आणि मग ते आलं.

गावात माणसं मरतायत. कारण कुणाला कळत नाही. ऑरलॉक कुणी पाहिलेलाच नाही. पण वेड्यांच्या कोठडीतून नॉक पळालाय, आणि तो सगळ्यांना दिसतो. गाव त्याच्यामागे लागतं. तो छपरावर चढतो, खालून लोक दगड मारतात. तो उतरून शेताकडे पळतो. लोक पाठीमागे. दूर रानात एक माणूस हात पसरून उभा दिसतो. सगळे ओरडत धावतात, त्याच्यावर तुटून पडतात, आणि ते बुजगावणं निघतं.

आमचं गाव हसलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ज्वारीच्या रानातलं बुजगावणं कुणी पाहिलेलं नाही? मीही हसायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात लक्षात आलं की माइक गप्प आहे. दीड तास जिभाऊंनी एक पाटी सोडली नव्हती. या पूर्ण प्रसंगात ते एक शब्द बोलले नाहीत. मी वळून पाहिलं. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांचा माइक धरलेला हात तेवढा दिसत होता, मांडीवर ठेवलेला.

१९८३ चा पावसाळा. मी तिसरीत होतो. गढीच्या पायथ्याला एक बाई एकटी राहायची, धाब्याच्या एका खोलीत. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही. गोवऱ्या थापायची, लोकांच्या शेतात निंदायला जायची. आम्ही पोरं तिला डाकीण म्हणायचो. हा शब्द कुठून आला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आता पेपरात वाचतो, की सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे बाईला डाकीण ठरवून मारहाण करतात, अंनिसची माणसं तिथे जातात. आमच्याकडे बातमी वाचून लोक म्हणतात, डोंगरातली माणसं, शिक्षण नाही. ज्या अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी शिकवलं, तिथे आमच्या गावची पोरं पन्नास वर्षं शिकत होती. जादूटोण्याविरुद्धचा कायदा यायला पुढे २०१३ उजाडलं, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर.

त्या श्रावणात आठ दिवसांत आमच्या गल्लीतलं एक पोर तापानं गेलं, दुसऱ्याच्या दोन शेळ्या मेल्या. हातपंपावर कुजबूज सुरू झाली. ती त्या पोराला ओट्यावर बसून कुरवाळत होती म्हणे. एका रात्री जेवणं झाल्यावर पंचवीस-तीस माणसं गढीकडे निघाली. आम्ही पोरं मागून. चिखल होता, माझी एक चप्पल रुतून राहिली हे लख्ख आठवतं. कुणीतरी पाच सेलची बॅटरी तिच्या दारावर धरली. ती दार उघडून बाहेर आली. डोळ्यांवर झोत आला म्हणून पदर आडवा धरला. मागच्या भिंतीवर तिची सावली पडली, ती मात्र छतापर्यंत गेलेली.

"काय व्हयनं रे भो?" ती म्हणाली. एवढंच.

कुणी सांगितलंच नाही तिला काय झालं ते. पहिला दगड कुणाचा, ठाऊक नाही. एक माझा होता. तो भिंतीला लागला, असं मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आलो आहे. ती आत गेली, कडी लावली. माणसं थोडा वेळ ओरडली आणि पाऊस आला म्हणून घरी गेली. सकाळच्या मुक्कामी गाडीनं ती गेली. भावाकडे गेली, कुणी म्हणे सुरतेला गेली. परत आली नाही. धाब्यावर दर वर्षी पावसाच्या आधी खारी माती टाकावी लागते. टाकायला कुणी नव्हतं. दोन पावसाळ्यांत धाबं खाली बसलं. आता तिथे एक निंबाचं झाड आहे आणि गावाचा उकिरडा.

बॅटरी कुणाच्या हातात होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. गावात तेव्हा पाच सेलच्या बॅटऱ्या अशा किती असणार.

पडद्यावर जिन्यावरून सावली चढत होती. फक्त सावली, वाकडी बोटं लांब लांब होत जाणारी. पुढच्या रांगेत एक पोरगी आईच्या कुशीत तोंड खुपसून विचारत होती, गेला का, गेला का? जिभाऊंचा आवाज परत आला होता, पण खाली उतरलेला. नायिका पहाटेपर्यंत ऑरलॉकला आपल्यापाशी अडकवून ठेवते. कोंबडा आरवतो, ऊन येतं आणि तो धूर होऊन जातो. भूत उन्हानं मरतं ही युक्ती या सिनेमाची. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो.

"कोंबडा वरडना व माय, सुटनी!" बायकांतून आवाज आला.

"सुटनी नही," जिभाऊ माइकवर म्हणाले. "ती बी मरनी."

चहा झाला. 'महल' लावला. त्यातलं लताचं गाणं आलं तशी बायकांनी मान हलवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या रेकॉर्डवर तिचं नावच नव्हतं, मधुबालेच्या पात्राचं, कामिनीचं, नाव छापलं होतं. हे सांगितल्यावर आई म्हणाली, अशीच असतात माणसं. गाणं संपलं आणि अर्धी मंडळी उठली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, पहाटे अंगणं सारवायची होती. अकराला पुतण्यानं प्रोजेक्टर बंद केला आणि मित्रांबरोबर नदीकडे सटकला.

गोडाउनपाशी मी आणि जिभाऊ राहिलो. पडदा काढायचा होता. मोठ्या कापडाची घडी एकट्याला जमत नाही. दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. मांजरपाट वाळून कडक झाला होता. मधे ताणला, झटकला, मग घडी घालायला एकमेकांकडे चालत आलो. टोकांना टोकं लागली, तसे जिभाऊ थांबले. ओट्यावरच्या गंगाफळातली पणती अजून जळत होती आणि साल भाजल्याचा गोडसर वास येत होता.

"बॅटरी मनाच हातमा व्हती," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. माझ्या हातातली टोकं त्यांच्या हातात दिली, आणि खाली वाकून घडीचा लोंबता भाग उचलला.